बाबा, आधी तुमचं रक्त तपासू

नागपूर
१४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आत्याच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट आला. परवा फोनवर मी आईला "नंतर बोलू" एवढंच म्हणाले, कारण आपल्याकडे फोन अंगणात स्पीकरवर असतो, आणि ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याने अर्धी ऐकून गावभर न्यावी अशी नाही. बाबा, तुम्ही पेपरातलं शेतीचं पानसुद्धा दोनदा वाचता, म्हणून कागदावर लिहिते. आई, तूही चष्मा लावून स्वतः वाच. बाबांकडून थोडक्यात ऐकू नकोस, यात तुझ्यासाठीही आहे.

मुद्दा आधी सांगते. आत्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला त्यामागे एका जनुकात, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्यात, जन्मापासून असलेला एक बदल आहे. तो तिला आजीकडून नाहीतर आबाजींकडून आलाय. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तेव्हा तोच बदल तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमचं रक्त तपासायला हवं, आणि माझ्या आणि दादाच्या आधी तुमचं.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. "मी धडधाकट आहे, अजून वावरात दिवसभर उभा राहतो, आणि हा तर बायकांचा आजार." आत्यालाही आधी असंच वाटलं होतं, की हे सगळं आईकडून मुलीकडे येतं, भावाचा काय संबंध? संबंध आहे. हा बदल ज्या जनुकात आहे ते सतराव्या गुणसूत्रावर असतं. स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्राशी त्याचा काही संबंध नाही. तो बापाकडून लेकीला जितका येतो तितकाच आईकडूनही येतो. फरक एवढाच की पुरुषाच्या अंगात तो बहुतेक वेळा गप्प राहतो. म्हणून घराण्यात एक पिढी सुटल्यासारखी वाटते: आजीला झालं, बापाला काही नाही, आणि मग अचानक नातीला होतं. लोक म्हणतात मधेच कुठून आलं. मधे बाप असतो.

तपासणीच्या आधी आत्याबरोबर मी काउन्सेलर बाईंकडे गेले होते, त्या जनुक तपासणीबद्दल घरच्यांना समजावून सांगतात. त्यांनी सुईला हात लावायच्या आधी कोरा कागद घेतला आणि आपलं घराणं काढलं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. कॅन्सर झालेल्याचा आकार पेनाने भरायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. आजीचा गोल काढून त्यांनी विचारलं, "या कशानं गेल्या?" आत्या म्हणाली, "पोटात पाणी झालं होतं." बाईंचा पेन थांबला. वय किती होतं? पन्नासही नव्हतं. पोट आधी फुगलं की अन्न जाईनासं झालं? दोन-चार घासांतच पोट भरल्यासारखं व्हायचं का? आत्या आठवून आठवून सांगत होती, आणि प्रत्येक उत्तरानंतर तिचा आवाज खाली जात होता, कारण हीच सगळी लक्षणं तिला स्वतःला झाली होती. आजीचा गोल बाईंनी भरला नाही, कागद नसताना भरता येत नाही म्हणाल्या. त्यात एक प्रश्नचिन्ह काढलं. मग आजीच्या धाकट्या बहिणीचा विषय निघाला, आर्वीच्या मावशीआजीचा. तिला छातीत गाठ झाली होती आणि ऑपरेशन झालं होतं, हे आत्याला पक्कं माहीत होतं. तो गोल भरला. आत्याचा भरला. त्या ओळीत तुमचा आणि तुमच्या मोठ्या भावाचा, म्हणजे मोठ्या बाबांचा, असे दोन चौकोन कोरे होते, आणि त्यांच्या खाली आम्ही पोरं.

आई, इथे तुझ्यासाठी लिहिते. तू लग्न होऊन आलीस आणि वर्षाच्या आत आजीने अंथरूण धरलं. तेव्हा तुझ्या पायगुणाला बोल लावणारे घरात आणि शेजारात होते, हे तू मला एकदाच सांगितलंस, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. मी ते विसरलेले नाही. तो कागद माझ्यासमोर काढला जात होता तेव्हा माझ्या मनात तेच होतं. आजीचा आजार हा असेल, तर त्याचं मूळ तू जन्मायच्याही आधीचं आहे. आजीचं शेवटपर्यंत तू केलंस. कोणी आता उलटून काही बोललं तर हे पत्र दाखव.

असे कागद जोडूनच हे जनुक सापडलं. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग नावाच्या शास्त्रज्ञ बाई आहेत. सत्तरच्या दशकापासून त्या म्हणत होत्या की काही घराण्यांत स्तनाचा कॅन्सर वारशाने येतो. फार थोड्यांचा विश्वास बसत होता. एका जनुकामुळे एवढा गुंतागुंतीचा आजार कसा होईल, असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. बाईंनी २३ कुटुंबांच्या वंशावळी आणि रक्ताचे नमुने जमवले आणि १९९० साली दाखवून दिलं की या घराण्यांतला दोष सतराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याबरोबर पिढ्यान्पिढ्या चालत येतो. १९९४ मध्ये ते जनुक नेमकं हाती लागलं. त्याचं नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावर दुसरं सापडलं, बीआरसीए-२. बाबा, तुम्हाला यातली एक गोष्ट लागून राहील. या जनुकांवर एका कंपनीने पेटंट घेतलं होतं आणि बरीच वर्षं अमेरिकेत ही तपासणी तिच्याशिवाय कोणाला करता येत नव्हती. बियाण्याच्या पाकिटात जनुकाचे पैसे कसे लागायचे ते २००२ पासून बीटी कापूस लावणाऱ्याला मी काय सांगू. पण हे तर माणसाच्या अंगातलं जनुक. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निसर्गात आहे तसं जनुक कोणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. मला त्या निकालाचा फार आधार वाटतो. त्यानंतर तिथे इतर प्रयोगशाळांनाही हे काम करता आलं आणि तपासणी स्वस्त होत गेली.

आता आत्याच्या रिपोर्टमध्ये काय आहे ते. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक मांडणी आईकडून आणि तशीच एक बापाकडून आलेली असते. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून हे डीएनए काढतात, त्यातले कॅन्सरशी संबंध असलेल्या जनुकांचे भाग वेगळे करतात, मशीनवर एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचतात आणि प्रमाण मांडणीशी ताडून बघतात. आत्याच्या बीआरसीए-१ च्या दोन प्रतींपैकी एकीत दोन अक्षरं गळलेली निघाली, एक ए आणि एक जी. एवढंच. पण पेशी ही अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते. दोन गळली की पुढचा प्रत्येक गट सरकतो आणि पुढे सगळं भलतंच वाचलं जातं. जे प्रथिन १,८६३ दुव्यांचं व्हायला हवं ते चाळीस दुवेही व्हायच्या आत तुटून जातं. रिपोर्टवर याचं नाव १८५ डेल एजी असं आहे. हा काही फक्त आपल्याच घरचा दोष नाही. ज्यू लोकांमध्ये तो बराच आढळतो, आणि आपल्या देशातल्याही कितीतरी घराण्यांत सापडलेला आहे.

या प्रथिनाचं काम डीएनए तुटलं की सांधायचं. पेशींमध्ये अशी तूटफूट रोज होते. जनुकाच्या दोन प्रती म्हणजे बंडीला जुंपलेली जोडी धरा. आत्याचा एक बैल जन्मतःच लंगडा, पण दुसरा ओढत होता म्हणून इतकी वर्षं बंडी चालली. वयाबरोबर एखाद्या पेशीत तो दुसराही बसला की त्या पेशीतली दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात आणि त्यातून कॅन्सर उभा राहतो. म्हणजे वारशाने कॅन्सर येत नाही, लंगडा बैल येतो. ज्याच्याकडे तो आहे त्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही.

पण धोका किती, हे मी लपवणार नाही. २०१७ साली जवळपास १०,००० बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. बीआरसीए-१ मध्ये असा दोष असलेल्या बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के निघाली आणि अंडाशयाच्या कॅन्सरची ४४ टक्के. त्या बायका मुख्यतः युरोपच्या बाजूच्या होत्या, तेव्हा आपल्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण एरवी अंडाशयाचा कॅन्सर शंभर बायकांत जेमतेम एखादीला होतो, हे लक्षात घ्या. पुरुषांच्या बाबतीत बीआरसीए-१ मुळे धोका त्या मानाने थोडाच वाढतो. बीआरसीए-२ असतं तर प्रोस्टेटची आणि छातीची काळजी जास्त करावी लागली असती. म्हणून बाबा, तुमच्या जिवाला घोर लागावा म्हणून मी हे मागत नाहीये. तुमच्या एका नळी रक्ताने मला आणि दादाला, दोघांना उत्तर मिळतं.

ते कसं, ते नीट समजून घ्या. तुमच्यात हा बदल नसेल तर तो मला आणि दादाला तुमच्याकडून येऊच शकत नाही. दादाच्या पोरीलाही नाही. आपली अख्खी फांदी या दोषातून मोकळी, पुन्हा कोणाला सुई टोचायची गरज नाही. असेल तर मला निम्मी शक्यता, दादाला निम्मी, आणि मग आम्ही आमचं आमचं बघू. दादाची पोरगी लहान आहे, तिची तपासणी आता कोणी करणार नाही. मोठी होऊन ती स्वतः ठरवेल.

मी सरळ माझीच तपासणी करून मोकळी होऊ शकते, हे मला माहीत आहे. पण माझ्यात तो सापडला तर तो तुमच्याकडूनच आलेला असणार, म्हणजे तुम्हाला न विचारता तुमचाही रिपोर्ट उघडा पडला. ते मला बरोबर वाटत नाही. माझ्यात नाही निघाला तर दादाचा प्रश्न तसाच राहतो.

माझ्यात निघालाच तर काय, हे विचारून तू रात्र रात्र जागशील आई, म्हणून तेही सांगते. करण्यासारखं बरंच आहे. दर वर्षी छातीचं एमआरआय, तिशीनंतर त्याबरोबर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), म्हणजे गाठ झालीच तर बारीक असताना सापडेल. अंडाशयाचं तसं नाही. तिथे सोनोग्राफीने किंवा रक्ताच्या तपासणीने वेळेत कळण्याची खात्री नसते. त्यामुळे मुलं-बाळं झाल्यावर, ३५ ते ४० च्या दरम्यान, अंडाशय आणि त्यांच्या नळ्या काढून टाकायचा सल्ला देतात. त्याने तो धोका ८० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. काही बायका स्तनही काढून घेतात. मी काय करीन ते मी आज ठरवलेलं नाही. आमच्या घरी बोलणं झालंय, यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि "तू म्हणशील तसं" म्हणाले. तुमचा जावई या बाबतीत माझ्या पाठीशी आहे, ती काळजी सोडा.

आत्यालाही या रिपोर्टचा उपयोग झाला. केमो संपल्यावर डॉक्टर तिला ओलापॅरिब नावाची गोळी सुरू करणार आहेत. तिच्या कॅन्सरच्या पेशींना डीएनए सांधायची एक वाट आधीच बंद आहे, ही गोळी दुसरी वाट अडवते, आणि त्या पेशी मरतात. २०१४ साली ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. आजीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. गोळी महाग आहे, आतोबा आणि पोरं हातपाय मारताहेत, आपणही काहीतरी द्यावं असं मला वाटतं. त्याबद्दल वेगळं बोलू.

तिच्या रिपोर्टमध्ये आणखी एका जनुकात एक बदल दिसलाय. त्याच्यापुढे लिहिलंय, "महत्त्व अनिश्चित". आतोबा त्यानेच जास्त घाबरलेत, कारण काय ते कळत नाही म्हटलं की माणूस वाईटच धरतो. त्यांना माझ्याकडून सांगा, या शेऱ्यावर कोणताही डॉक्टर ऑपरेशन करत नाही, घरच्यांची तपासणीही सहसा होत नाही. तो बदल नुसता वेगळेपणाही असू शकतो. जगभरातली जुनी माहिती गोऱ्या लोकांची जास्त, आपली कमी, म्हणून आपल्या लोकांच्या रिपोर्टवर हा शेरा जास्त येतो. आता भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांच्या जीनोमचं, म्हणजे सगळ्या डीएनएचं, वाचन झालंय आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. धडधाकट लोकांतही जो बदल सर्रास दिसतो, तो निरुपद्रवी ठरवणं आता सोपं जाईल. असे शेरे पुढे बदलतात. बाबा, तुमच्या तपासणीत ही भानगडच नाही. तिथे फक्त आत्याची ती एक जागा बघायची, दोन अक्षरं आहेत की गळलीत. खर्चही आत्याच्या तपासणीहून पुष्कळ कमी येतो.

आता जड गोष्ट. आई, तू म्हणालीस, मोठ्या बाबांच्या धाकटीचं जुळेपर्यंत आत्याच्या रिपोर्टचं कोणाजवळ काढू नका. तुझी भीती खोटी नाही. "त्यांच्या घरात कॅन्सर आहे" एवढं वाक्य पसरलं तर स्थळ मोडतं, हे मी आपल्याच तालुक्यात पाहिलंय. पाहुण्यांना जाऊन सांगा असं मी म्हणतच नाही. पण मोठ्या बाबांना सांगायलाच हवं, आणि त्यांच्या तिन्ही पोरींना सांगायलाच हवं. मोठी पस्तिशीची झाली. तिला उद्या काही झालं आणि आपल्याला आधी माहीत होतं असं निघालं, तर मी तिच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. आजीच्या वेळी कोणाला कळत नव्हतं, म्हणून आत्याला कोणी सावध केलं नाही. आता आपल्याला कळतंय. बाबा, मोठे बाबा तुमचं ऐकतात. माझ्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं ते मनावर घेतील. लागला तर मी आत्याच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन येते आणि पोरींना नीट समजावते.

आणि गावात कोणी म्हणालं की मग सगळा कॅन्सर रक्तातच असतो, खर्रा खाल्ला काय अन् नाही खाल्ला काय, तर ते साफ चूक आहे. शंभरातले पाच ते दहाच कॅन्सर असे वारशाने येणाऱ्या दोषामुळे होतात. आपल्याकडे तोंडाचे जे होतात ते बहुतेक पानठेल्यावर पन्नीत घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याचे असतात. बाबा, तुमचं तोंड आता दोन बोटं जाईल एवढंच उघडतं, हे मला पोळ्याला जेवताना दिसलं. तुम्ही घास लहान करून खात होता. नागपूरला याल तेव्हा ते तोंड मी डॉक्टरांना दाखवणार आहे. जनुकाचा रिपोर्ट चांगला आला तरी या बाबतीत मी ऐकणार नाही.

सोयाबीन निघालंय, कापसाचा पहिला वेचा झाला की दोन दिवस काढा. उपाशीपोटी यायची गरज नाही, बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या. आधी काउन्सेलर बाई अर्धा-पाऊण तास बोलतील, तुमच्या मनात जे असेल ते त्यांना मोकळेपणाने विचारा, मी बाहेर बसते हवं तर. मग तुमची सही, मग एक नळी रक्त. रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात. तुम्हाला स्वतःचा रिपोर्ट ऐकायचा नसेल तर तसंही सांगता येतं, तो तुमचा हक्क आहे. आणि अजिबातच नको असेल तर नाही म्हणा, मी रागावणार नाही. मग मात्र संक्रांतीनंतर मी माझी तपासणी करून घेईन, आणि निकाल काय आला ते तुम्ही विचाराल तेव्हाच सांगेन.

एक काम आजच करा. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आबाजींचे सातबारे आणि पावत्या आहेत, त्यांच्याखाली आजीचे सेवाग्रामच्या दवाखान्यातले कागद असतील, असं आत्या म्हणते. पोटातलं पाणी काढून तपासलं होतं, तेव्हा काहीतरी लिहून दिलं होतं. पिवळा पडलेला, फाटका, कसाही असला तरी चालेल. दादाला फोटो काढून मला पाठवायला सांगा, म्हणजे मी तो काउन्सेलर बाईंना दाखवीन.

आईने पाठवलेली तुरीची डाळ पोचली.

तुमची,
लेक

ता. क. आत्याला फोन कराल तेव्हा "कसं आहे" विचारा. "माझ्यामुळे भावाच्या घरात हे निघालं" असं तिने मनात धरलंय. तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे की तसं काही नाही.